कोऱ्या वहीचा पासवर्ड

दिपमाला चव्हाणला राग यायला कारण लागत नाही, असं तिच्या ऑफिसात म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, आणि ते सकाळी साडेनऊला फोनवर हजर असतं.

"हॅलो, म्याडम? तुमचं सॉफ्टवेअर मेलं."

हा धुळ्याचा मिरचीवाला. याचं सॉफ्टवेअर दर सोमवारी मरतं.

"मरेल कसं? स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काय दिसणार? इंग्लिश दिसतंय."

"वाचा."

"वाचलं."

"मोठ्यानं वाचा, मला ऐकू येईल असं!"

"इन… इनव्ह्या… म्याडम, नाही म्हणतोय तो. सरळ नाही म्हणतोय."

मग दिपमाला दात आवळते, शिफ्टच्या बटणावर चष्म्याचं घर ठेवलंय का ते बघायला सांगते. पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग "हां, चालू झालं", आणि फोन कट. थँक्यू नाही, सॉरी नाही. चष्म्याच्या घराचा तर उल्लेखसुद्धा नाही.

जळगावात बसस्टँडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस. दुकानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचं आणि मग त्यांनी ते बिघडवलं की नीट करून द्यायचं, असा धंदा. विकायला टाय घातलेली माणसं आहेत. नीट करायला दिपमाला. मूळची सोनगीरची, धुळ्यात बी.कॉम. केलं, लग्न होऊन जळगावात आली, अकरा वर्षं त्याच खुर्चीत बसते. नवरा पाईपच्या कारखान्यात शिफ्टला जातो. तो म्हणतो, "ही घरी आली की पहिली दहा मिनिटं मी गच्चीवर असतो."

लॉगिन होत नाही, ही तिची रोजची भाकरी. एका सराफाकडे पासवर्ड म्हणजे थोरल्या नातवाचं नाव होतं. धाकट्या सुनेला मुलगा झाला, तिनं तोंड फुगवलं, म्हणून त्याचं नाव टाकलं. मग थोरली रुसली. शेवटी दोघांची नावं जोडून टाकली. आधी कुणाचं ते घरात कुणालाच आठवेना, आणि फोन कुणाला? दिपमालाला. "म्याडम, आमचा पासवर्ड काय?"

एक वेळ हेही चालेल. दिपमालाचं डोकं खरं फिरतं ते एका वाक्यानं. ते सगळे म्हणतात, कोणत्याही गावचे असोत, डाळवाले असोत की कापडवाले, आणि अगदी गंगेत न्हाऊन आल्यासारख्या आवाजात म्हणतात:

"म्याडम, कोणी हात लावला नाही."

म्हणजे सॉफ्टवेअर रात्रीचं उठलं, पाणी प्यालं, स्वतःचा पासवर्ड बदलून परत झोपलं!

या सगळ्यांत एकच माणूस वेगळा होता. एरंडोलच्या 'प्रेमराज पाईप अँड ठिबक'मधले दिवाणजी, निंबा नाना. वय एकसष्ट. पन्नाशीत कॉम्प्युटर शिकलेले. नाना फोन करायचे तर आधी कागदावर लिहून ठेवलेलं वाचायचे, अक्षरन्‌अक्षर, मध्ये टिंब आलं तर "टिंब" म्हणून. आणि पुढे स्वतःहून सांगायचे, "ताई, माझ्या हातून डिलीटचं बटण दाबलं गेलं. चूक माझी शे." सात वर्षांत दिपमाला ज्यांच्यावर एकदाही ओरडली नाही, असं ग्राहकांतलं हे एकच नाव.

तर लाभपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आवाज नानांचा नव्हता.

"बाई, प्रेमराज बोलतोय, एरंडोल. आमच्या दिवाणजीनं कॉम्प्युटरला कुलूप मारलंय. बरोबर? आता तुम्ही यायचं, कुलूप तोडायचं, नवीन लावायचं, किल्ली माझ्या हातात द्यायची. बरोबर?"

प्रेमराज शेठ प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

"शेठ, कुलूप म्हणजे काय? लॉगिन होत नाही का?"

"त्यानं पासवर्ड बदलला. दिवाळीच्या आधी आमचं वाजलं होतं. धनतेरसला अर्धी सुट्टी मागत होता, मी नाही म्हटलं. तर दहा गिऱ्हाइकांसमोर मला म्हणतो, 'दुकानाची किल्ली तुमच्याजवळ असेल शेठ, वही माझ्या डोक्यात आहे.' ऐकलं? वही माझ्या डोक्यात! आणि काल पंचमीला दुकान उघडलं तर वही खरंच डोक्यात गेलेली. बरोबर?"

"नानांना फोन द्या."

"तो बाहेर आहे. बसवलाय त्याला. पाईपच्या भेंडोळ्यावर."

"उन्हात?"

"आत कसा घेऊ? आणखी काय काय बदलेल!"

दिपमालाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती म्हणाली, "तुमचं नेट चालू असेल तर मी इथूनच बघते. पाच मिनिटांचं काम."

"ते लांबून आमच्या वह्या उघडायचं नाही हां. समोर बसून काय ते करा. गाडी भरून उभी आहे धुळ्याला जायला, बिलाशिवाय हलत नाही. बरोबर?"

फोन कट.

तिनं पर्स उचलली. "कुठे चालली?" म्हणून कुणीतरी विचारलं, त्याच्याकडे तिनं नुसतं बघितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी राग उतरेना. पाळधी गेलं, तिच्या डोक्यात नाना भेंडोळ्यावर. एरंडोल आलं, नाना भेंडोळ्यावरच.

आणि खरंच होते. दुकानासमोर ठिबकच्या नळ्यांनी गच्च भरलेली पिकअप उभी, ड्रायव्हर आत पाय वर करून झोपलेला, आणि बाजूला काळ्या पाईपच्या गुंडाळीवर पांढरी टोपी घातलेले नाना. मांडीवर जेवणाचा डबा. त्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, जणू तोही कुणी काढून घेईल.

"या ताई," ते उठायला लागले.

"बसा हो, उठता काय! काय झालं ते सांगा."

"काल सकाळी पूजा केली, कॉम्प्युटर लावला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. तो म्हणाला, नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. पंधरा वेळा टाकला ताई. सात वर्षांत बदललेला नाही. पासवर्डचं एक वेळ समजू शकतो. पण मी माझं नाव चुकीचं कसं टाकीन?"

एवढं बोलून ते डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याचं काही नाही. काल संध्याकाळी त्यांनी माझ्या गल्लीत माणूस पाठवला. घरासमोर उभा राहून ओरडला, 'निंबानं शेठच्या वह्या कोंडल्या, आज उघडल्या नाही तर उद्या पोलीस येतील.' आमची ती दारात गहू निवडत बसली होती. तिच्यासमोर. एकतीस वर्षं झाली ताई मला या दुकानात. गल्लीत मला कुणी निंबा म्हणत नाही, दिवाणजी म्हणतात. सकाळी पाणी भरायला गेलो तर कुणीच काही म्हणालं नाही."

दिपमालानं मूठ आवळली आणि न ओरडता आत शिरली. तिच्या बाबतीत हे वाईट लक्षण.

आत प्रेमराज शेठ गल्ल्यामागे. गळ्यात सोन्याची चेन, कपाळावर अजून पंचमीचा टिळा, एका हातात फोन. बोलणं चालू. "…हो हो, तोच निंबा. अहो विश्वास ठेवला ना! बरोबर? आता कंपनीची बाई आली, तोडतेय कुलूप. ठेवतो." फोन ठेवून म्हणाले, "हे आमचे धुळ्याचे मेहुणे, गिरधर. काल जळगावच्या सीएंनाही सांगितलं, पाईप कंपनीच्या साहेबालाही सांगितलं. सावध केलेलं बरं. या. बसा. तोडा."

"तोडायला मी काय लोहार आहे?"

"हां?"

"सरका म्हटलं."

ती खुर्चीत बसली. कॉम्प्युटर झेंडूच्या सुकलेल्या माळेत गुंडाळलेला. पडद्याच्या कोपऱ्यात कुंकवाचं अर्धवट पुसलेलं स्वस्तिक. सॉफ्टवेअर उघडलं, दुकानाचं नाव आलं, नाव-पासवर्डची चौकट आली. सगळं जागच्या जागी.

"दिवाळीत याला कोणी हात लावला?"

"कोणी हात लावला नाही."

आलं ते वाक्य. दिपमालानं डोळे मिटले, उघडले.

"नीट आठवून सांगा."

"अहो दुकानच बंद! अमावास्येला लक्ष्मीपूजन केलं, शटर ओढलं ते थेट पंचमीला उघडलं. किल्ली माझ्याजवळ. मध्ये माशी आली नाही दुकानात. बरोबर? हात लावला असेल तर त्यानंच, पूजेच्या आधी."

तिनं नानांचं नाव टाकायला हात पुढे केला आणि थांबली. एंटरच्या बटणावर लाल डाग होता. तिनं बोट फिरवलं. बोट लाल झालं. मग तिनं खाली वाकून सगळा कीबोर्ड बघितला. खालच्या ओळीतल्या दोन अक्षरांवर लाल. वर एकच्या आकड्यावर लाल, शून्यावर लाल. बाकी बटणं धुळीनं पांढरी.

"शेठ, हे काय?"

"कुंकू."

"ते मलाही दिसतंय. इथे कसं आलं?"

"कसं म्हणजे? पूजेचं. वहीपूजन नको का? पूर्वी लाल कापडाच्या वह्या होत्या, त्यांना लावायचो. आता वही म्हणजे हीच. बरोबर?"

"पडद्याला कुंकू लावलं, समजलं. झेंडू घातला, समजलं. पण एकच्या बटणाला कुंकू, शून्याला कुंकू, एंटरला कुंकू, आणि मधल्या साठ बटणांना काही नाही. देवी काय ठरावीक आकड्यांवर बसते?"

शेठ स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा "बरोबर?" आलं नाही.

तेवढ्यात मागच्या जिन्यावरून त्यांची सून किरण चहाचा ट्रे घेऊन उतरली. पंचविशीची, चश्मिस. तिनं दिपमालाचं लाल बोट बघितलं, कीबोर्ड बघितला.

"ते पासवर्ड टाकताना लागलं," ती म्हणाली. "पप्पांच्या बोटाला कुंकू होतं ना."

बाहेर पिकअपमध्ये ड्रायव्हर घोरत होता.

"कुठला पासवर्ड?" दिपमालानं विचारलं. अगदी हळू.

"कोऱ्या वहीचा." किरणनं ट्रे खाली ठेवला. "लिहिलेल्या वहीची पूजा चालत नाही. कोरीच लागते. दरवर्षी कापडाची एक वही आणायचो. यंदा पप्पा म्हणाले, हिशेब कॉम्प्युटरमध्ये, मग कोरी वही बाहेर कशाला? मी म्हटलं, त्यात कोरी वही म्हणजे नवीन कंपनी उघडावी लागेल. म्हणाले, उघड. मी उघडली, दुकानाच्याच नावानं. नाना घरी गेले होते, गुरुजी घाई करत होते, मुहूर्त चालला होता. पासवर्ड मागितला, तो पप्पांनी स्वतः टाकला."

"आणि जुनी? नानांनी लिहिलेली?"

"जुन्या वह्या लाल फडक्यात बांधून माळ्यावर टाकतात ना? तसंच केलं. डी ड्राइव्हमध्ये हलवली. फोल्डरचं नाव पण 'माळा'च दिलं."

"हे तुम्ही काल का नाही सांगितलं?"

किरणचा चेहरा पहिल्यांदा तापला. "मला कुणी विचारलं? काल दिवसभर खाली आरडाओरडा. मी जिन्यात येऊन विचारलं, काय झालं? तर म्हणे, 'धंद्याचं आहे, तू वर जा.' गेले मी वर. मला काय माहीत, यांना माळाच सापडत नाहीये!"

"अहो पण ती पूजा होती!" शेठ एकदम उसळले. "पूजा करणं म्हणजे काय कॉम्प्युटरला हात लावणं झालं का? देवाचं काम ते! तुम्ही विचारलं हात कोणी लावला. मी म्हटलं नाही. बरोबर?"

दिपमाला ऑफिसात ओरडते ती शहरातल्या मराठीत. राग पार डोक्यात गेला की ती सोनगीरची होते, अहिराणीत बोलते.

"तुम्हले लाज शे का नही?" ती खुर्चीतून उठली. "बठ्ठं तुम्हीच करं, तुम्हना हातना कुंकू आठे दिसी ऱ्हायना, आनि त्या मानूसले उनमा बसाडं?"

शेठ दोन पावलं मागे. किरणनं चहाचा कप उचलून बाजूला ठेवला, कारण तो सांडायच्या बेतात होता.

मग दिपमाला पुन्हा मराठीवर आली, पण आवाज तोच. "ऐका. काल नाना ज्या वहीत शिरायला बघत होते, ती तुमची कोरी वही. बाहेरून नाव तेच, म्हणून त्यांना कळलं नाही. आत पान नाही की ओळ नाही. तिच्यात नानांचं नावच कुणी घातलेलं नाही. ज्याचं नाव नाही त्याचा पासवर्ड कुठून असेल? मशीन बिचारं खरं बोलत होतं. सांगत होतं, या नावाचा माणूस माझ्याकडे नाही. आणि ते तुम्ही करून ठेवलं. पाटावर बसून, मंत्र म्हणत!"

ती बसली. चार-पाच ठिकाणी माऊस फिरवला, सॉफ्टवेअरला 'माळा' दाखवला. क्षणात पडद्यावर दुकानाचं नाव दुसऱ्यांदा आलं, यावेळी सात वर्षांच्या पोटासकट. खाली तीच चौकट. नाव. पासवर्ड.

"झालं!" शेठच्या तोंडावर हसू पसरलं. "बघा, एवढंसं होतं. उगाच ताणलं सगळ्यांनी. चहा घ्या बाई. उघडा लवकर, गाडी जाऊ द्या."

"मला उघडता येत नाही."

"तुम्ही कंपनीच्या ना?"

"कंपनीची असले म्हणून काय झालं? तुमच्या कपाटाची किल्ली कपाट विकणाऱ्याकडे असते का? ही वही नानांच्या नावावर आहे. तेच उघडतील." आणि तिनं दाराकडे बघून हाक मारली, "नाना, या आत!"

नाना आले. उंबऱ्यापाशी थांबले. सगळं त्यांनी बाहेरून ऐकलं होतं, टोपी हातात होती.

"या, या नाना," शेठ म्हणाले. कालपासूनचा 'तो' एकदम 'नाना' झाला. "जरा गडबड झाली. होतं असं. आपण काय परके आहोत का? टाका पासवर्ड, बिल काढा. बरोबर?"

नाना आत आले नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाले,

"शेठ, काल मी कुलूप मारलं नव्हतं. आज मारतो आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही माझं नाव तीन ठिकाणी फोन करून सांगितलं. मी बाहेरच बसलो होतो, तिन्ही फोन ऐकले. त्याच फोनवरून, त्याच तीन जणांना सांगा. मोठ्यानं, स्पीकर लावून. मग बघू."

"नाना, गाडी उभी आहे!"

"मीही कालपासून बसलोच आहे."

शेठ दिपमालाकडे वळले. "बाई, हे बघा. हे धमकी देणं झालं. तुम्ही सांगा यांना. नाहीतर मी तुमच्या ऑफिसात तक्रार करीन, करार दुसरीकडे नेईन."

"करा की." तिनं पर्समधून पेन काढलं, समोरच्या बिलाच्या पाठीवर ऑफिसचा नंबर लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. "साहेब साडेअकराला येतात. माझं नाव दिपमाला. दि पहिली. लिहून घ्या."

शेठनी कागदाकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. मदतीला सुनेकडे बघितलं, तर ती फरशीवरचे झेंडूचे देठ वेचत होती, फार मन लावून.

मग फोन लागले. पहिला सीएंना. "साहेब, ते कालचं… ते निंबाचं… नाही नाही, सापडलं. घरातच होतं. हां, हां, आमच्याकडूनच. पूजेत." पलीकडून सीए इतके खदखदून हसले की शेठनी फोन कानाला लावायचा प्रयत्न केला. "स्पीकर," दिपमाला म्हणाली. दुसरा पाईप कंपनीच्या साहेबाला. ते मीटिंगमध्ये होते, म्हणाले, "बरं बरं, मग माल कधी उचलताय?" तिसरा धुळ्याच्या गिरधर भाऊंना. ते ओरडायलाच लागले. "अहो भाऊजी, मी आत्ता चौघांना सांगून बसलो, एरंडोलचा दिवाणजी चोर निघाला म्हणून! आता त्यांना काय सांगू? माझं तोंड कुठं लपवू?"

"सांगा, प्रेमराज चुकला," उंबऱ्यातून नाना म्हणाले.

"सांगतो नाना," गिरधर भाऊ लगेच मऊ झाले. "माफ करा हां. आमच्या भाऊजींचं असंच आहे."

शेठनी कपाळ पुसलं. टिळा पसरून भुवईपर्यंत आला. "झालं ना आता? टाका."

"एक राहिला."

"कोण राहिलं?"

"माझं घर."

नानांनी स्वतः नंबर सांगितला. चार वेळा वाजला, मग पलीकडून बाईचा आवाज आला, विळीसारखा.

"कोन शे?"

"वहिनी, मी प्रेमराज. ते काल… म्हणजे गैरसमज झाला. नानांनी काही केलेलं नाही. तुम्ही मनात ठेवू नका."

या नानांच्या बायको, झुंबरबाई. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"फोनवर नका सांगू," त्या म्हणाल्या. "माले काय सांगतस? माले ठाऊकच शे. काल तुम्हना मानूस मन्ही गल्लीमा उभा ऱ्हाईसन बोंबलना. बठ्ठी गल्ली ऐकी ऱ्हायंती. आते तुम्ही या. जठे तो उभा व्हता, तठेच उभा ऱ्हा. आनि तितलाच जोरमा सांगा."

फोन कट. या वेळी कट करणारी बाजू दुसरी होती, आणि दिपमालाला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. तरी तिची मूठ सुटली नव्हती.

शेठ स्कूटर काढून गेले. नाना आणि दिपमाला पायी. गल्ली जवळच होती, दुपारची वेळ, ओट्यांवर बायका, कुणी गहू निवडतेय, कुणी नुसतीच बसलीय. झुंबरबाई दारात. बुटक्या, काळ्यासावळ्या, डोक्यावर पदर, हातात सूप. त्यांनी सुपाच्या कडेनं रस्त्यातली एक जागा दाखवली. गटाराच्या फरशीशेजारी. शेठ तिथे जाऊन उभे राहिले.

"ते काल… निंबा नानांनी वह्या कोंडल्या नव्हत्या."

"मांगला घरमा ऐकू जात नही," झुंबरबाई म्हणाल्या.

"निंबा नानांनी वह्या कोंडल्या नव्हत्या!"

ओट्यांवरचे हात थांबले. एक खिडकी उघडली. समोरच्या म्हातारीनं कानामागे हात धरला.

"मंग कोनी कोंड्यात?"

शेठनी नानांकडे बघितलं. नाना भिंतीकडे बघत होते. दिपमालाकडे बघितलं. तिनं भुवई वर केली, एवढंच.

"मी!" शेठ ओरडले. आता ते इतके वैतागले होते की आवाज आपसूक वर गेला. "मीच! पूजेच्या नादात माझ्याच हातानं झालं! चूक माझी! नानांचा काही दोष नाही! बास?"

झुंबरबाईंनी सूप एकदा पाखडलं. फोल शेठच्या बुटांवर उडालं.

"बास," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "डबा खादा का नही?"

"नही."

"पहिले खाय. मंग जाय."

आणि नाना खरंच ओट्यावर बसले. डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. शेठ स्कूटरजवळ उभे, एकदा घड्याळाकडे, एकदा भाकरीकडे बघत. समोरची म्हातारी येऊन म्हणाली, "दिवाणजी, कांदा देऊ का?" नाना "द्या" म्हणाले आणि मान खाली घातली. कांदा त्यांनी बुक्कीनं फोडला.

जेवून, हात धुवून, टोपी घालून ते निघाले.

"बसा मागे," शेठ म्हणाले. "लवकर पोहोचू."

"तुम्ही व्हा पुढे. मी पायी येतो."

पण शेठ पुढे जाऊन करणार काय? वही तर यांच्याशिवाय उघडत नाही. मग भर बाजारातून वरात निघाली. पुढे नाना, हात पाठीमागे बांधून, भेटेल त्याला राम राम करत. मागे प्रेमराज शेठ, स्कूटर पहिल्या गियरमध्ये, दोन्ही पाय जमिनीवर घासत. कापडवाल्यानं विचारलं, "काय शेठ, पेट्रोल संपलं का?" शेठनी हॉर्न वाजवला. त्यांच्या मागे दिपमाला, पर्स खांद्याला, अजूनही रागातच, पण पाऊल नानांच्या पावलाइतकंच सावकाश टाकत.